कुकारा

सकाळी साडेदहाला डोमाचा फोन आला, तेव्हा कय्यूम एका साडी सेंटरच्या जाहिरातीतले श्वास काढत बसला होता. हे त्याचं रोजचंच काम. चंद्रपुरात रिक्षाला भोंगा बांधून ज्या जाहिराती फिरतात, सेलच्या, सर्कशीच्या, डोळे तपासणी शिबिराच्या, त्यांतल्या निम्म्या त्याच्या खोलीतून निघालेल्या असतात. खोली कसली, घरामागची आठ बाय नऊची जागा. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, दाराला गोधडी, आणि मार्च संपत आला तरी पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. बोलणारा माणूस दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेतो. त्याला ते कळत नाही, समोरच्यालाही कळत नाही, पण भोंग्यातून तोच श्वास भसकन अंगावर येतो. म्हणून कय्यूम तो काढून टाकतो. संगणकाच्या पडद्यावर शब्दांचे डोंगर दिसतात आणि प्रत्येक डोंगराच्या अलीकडे एक बारीकशी पुटकुळी. ती पुटकुळी म्हणजे श्वास. ती खुडायची आणि दोन्ही टोकं अशी जोडायची की खुद्द बोलणाऱ्यालाही पत्ता लागू नये. तीस वर्षांत त्याचा हात यावर इतका बसला होता की आवाज साफ पाहिजे तर कय्यूमकडे जा, असं लोक म्हणत. या कौतुकानं तो सुखावत असे. निदान मागच्या वर्षीपर्यंत सुखावत असे.

फोनवर डोमा फार बोलला नाही. “भाऊ, आज या ना संध्याकाळी. पाखरं पाहू,” एवढंच म्हणाला, आणि मग जरा थांबून, “आन थे आवाज घेऊन या. साल झालं.”

कय्यूम ‘येतो’ म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? फोन ठेवल्यावर त्यानं पडद्याकडे पाहिलं तर साडी सेंटरची बाई अर्ध्या शब्दात अडकून पडली होती. त्यानं तिला तशीच ठेवली आणि उठून दाराची गोधडी बाजूला केली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. खुर्शीदा ओट्याशी तांदूळ निवडत होती, तिनं नुसतं वर पाहिलं आणि तिला कळलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की माणसाला असं सगळं कळायला लागतं, आणि ते काही फार सुखाचं नसतं. ती तांदळातले खडे काढत राहिली.

डोमा पोंभुर्ण्याच्या पुढे कोसमटोल्याला राहतो. कय्यूमला पाखरांचे आवाज गोळा करायचा नाद लागला त्याला दहा वर्षं झाली असतील, आणि त्यातली सात वर्षं डोमाच त्याला जंगलात नेत आला. कय्यूमला पाखरू दिसायच्या आधी डोमाला ते ऐकू यायचं. दोघांचं जमलं ते कानांवरून. एक शहरात आवाज विकणारा, दुसरा आवाजावर रान ओळखणारा. वयानंही सारखेच, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे. डोमाची बायको अन्नपूर्णा त्यांना पाहून हसायची. दोन बुढे झाडाखाली तोंड बंद करून बसतेत आन म्हणतेत काम करून राह्यलो, असं ती दुर्गाला, आपल्या पोरीला, ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायची. ती काय म्हणायची ते कय्यूमला शब्दन् शब्द आठवतं. कसं म्हणायची ते आठवत नाही. वर्षभर तो तोच आवाज कानाच्या तळातून खरवडून काढायचा प्रयत्न करत होता आणि दर वेळी शब्द वर येत, आवाज खालीच राही.

दुपारी तीनला त्यानं गाडी काढली. शहर सोडलं की आधी कोळशाच्या ट्रकांची धूळ, मग हळूहळू शेतं, मग साग. सागाची पानं गळून गेलेली, पळस शेवटची लाली धरून उभे. इतर वर्षी या रस्त्यावर त्याचं अंग हलकं व्हायचं. आज खिशातला मोबाइल मांडीला टोचत होता. त्यात दोन फाइली होत्या. एकीत रातव्याचा, अंधार पडताना बोलणाऱ्या त्या पाखराचा आवाज होता, फक्त रातव्याचा. दुसरीत तोच रातवा आणि एका बाईचे दोन कुकारे. कोसमटोला येईपर्यंत यातली कोणती वाजवायची हे ठरवायचं होतं, आणि ठरवायला त्याच्याजवळ अख्खं वर्ष असूनही ते झालं नव्हतं.

कुकारा म्हणजे काय हे त्याला डोमानंच पहिल्या वर्षी सांगितलं होतं. रानात एकमेकांना नावानं हाक मारायची नाही. नाव कोण ऐकतं आणि कोण ओ देतं याचा भरवसा नसतो. त्याऐवजी तोंडाला हात लावून ‘कूऽऽ’ असा लांब आवाज द्यायचा. ऐकणाऱ्यानं तसाच परत द्यायचा. मी इथं आहे, तू तिथं आहेस, एवढाच त्याचा अर्थ. पण परत द्यायचा म्हणजे द्यायचाच. कुकारा कोणाचाही असो, भांडण असलेल्या भावकीतला का असेना, तो खाली जाऊ द्यायचा नाही. तेव्हा कय्यूमला ही गोष्ट फार गोड वाटली होती. घरी येऊन त्यानं ती खुर्शीदाला कौतुकानं सांगितली होती.

मागच्या वर्षी याच तारखेला ते दोघे तलावाच्या पाळीमागे, नाल्याच्या अलीकडे बसले होते. सूर्य बुडाला होता. रातवा इतक्या जवळ कधी आला नव्हता, दहा-बारा हातांवर, वाळल्या पाल्यात पाला होऊन बसलेला, दिसत नव्हताच. वाटीत टाकलेली गोटी उड्या मारत मारत थांबावी तसा त्याचा आवाज. तो पुन्हा पुन्हा, न थांबता, कय्यूमच्या मायक्रोफोनच्या तोंडाशी बोलत होता. आणि त्या वेळी नाल्याच्या पलीकडून कुकारा आला. डोमाचं तोंड उघडलं, हात तोंडाकडे गेला, आणि कय्यूमनं आपला हात वर केला. तळवा डोमाकडे. थांब. सात वर्षांत ठरून गेलेली खूण होती ती. डोमानं हात खाली घेतला. थोड्या वेळानं दुसरा कुकारा आला. डोमानं कय्यूमकडे पाहिलं. कय्यूमचा हात अजून वरच होता. अन्नपूर्णाच ती, दुसऱ्या दिवशीच्या फुलांसाठी मोहाखालचा पाला झाडायला गेली होती, आता घरी निघाली असेल, निघताना देते तसा दिला असेल, असं डोमाला वाटलं. तसं त्यानं नंतर सांगितलं. त्यानंतर कुकारा आला नाही, आणि रातवा आणखी चार मिनिटं बोलला.

पाल्यात घोणस होती. हाताला चावली. अन्नपूर्णानं दोन कुकारे दिले, वाट पाहिली आणि मग स्वतःच्या पायांनी चालायला लागली, जे चालायला नको होतं. दुर्गाला ती पाळीच्या खाली सापडली. सगळ्यांना आधी वाघच वाटला, कारण या भागात काही झालं की आधी वाघच वाटतो, आणि त्यात आणखी वेळ गेला. अर्धा तास आधी आणली असती तर, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांची काही चूक नव्हती. ते तसं सगळ्यांनाच म्हणत असतील. पण तो अर्धा तास कुठं गेला हे जगात दोनच माणसांना माहीत होतं.

यातलं कय्यूमला त्या रात्री काहीच ठाऊक नव्हतं. तो सातलाच डोमाचा निरोप घेऊन निघाला होता, आणि घरी पोचून हातपाय न धुता खोलीत बसला होता. रेकॉर्डिंग उघडलं. पडद्यावर रातव्याचे बारीक बारीक दाते, एकसारखे, शिवणाच्या मशीनच्या टाक्यांसारखे, आणि त्यात दोन ठिकाणी दोन बोजड डोंगर. मानवी आवाज. पाखरांच्या आवाजात तो चालत नाही. त्यानं दोन्ही डोंगर कापले, टोकं जोडली, ऐकून पाहिलं. सांधा त्यालाच सापडेना. खुशीत येऊन त्यानं खुर्शीदाला बोलावून ऐकवलं. दुसऱ्या दिवशी बल्लारपूरला एका लग्नाचं रेकॉर्डिंग होतं म्हणून साफ फाइल तेवढी ठेवून मशीनचं कार्ड पुसून मोकळं केलं आणि झोपला. लग्नाच्या मांडवात दुपारी फोन आला. सनईच्या आवाजात त्याला पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नाही.

पुसलेल्या कार्डावरचं परत मिळतं असं कोणीतरी सांगितलं म्हणून तो रईसच्या मोबाइलच्या दुकानात चार वेळा जाऊन बसला. रईसनं मन लावून केलं. कार्डातून लग्न निघालं, लग्नाच्या वर लग्न, विहिणीचं भांडण, कोणाचं तरी रडणारं मूल. अन्नपूर्णा निघाली नाही. शेवटी रईस म्हणाला, भाई, वरून दुसरं लिहिलं की खालचं जातं, आता ते कार्ड छळू नका. आणि त्या आधीच, तेराव्या दिवशी भेटायला गेला असताना, डोमानं त्याला विचारलं होतं की तिचा कुकारा मशीनीत असन ना. अंगणात बायका बसल्या होत्या, दुर्गा भिंतीला टेकून कुठंच बघत नव्हती. कय्यूमच्या तोंडून ‘हो, आहे’ असं निघून गेलं. डोमा म्हणाला, मग राहू द्या. आता आयकवत नाई. साल झालं की तिले पेनात मिळवाचं आहे, आमच्या पुरख्या देवांत. त्याच्या आधी एक डाव आयकीन आन उत्तर देऊन टाकीन. माह्याकडून राह्यलं ना थे. असं करा म्हनून कोनी सांगतलं नाई, माह्याच मनात आहे. त्या दोन शब्दांची, ‘हो, आहे’ची, कय्यूमला इतकी शरम वाटली की ती झाकायला त्यानं पुढे जे केलं त्याची शरम वाटायला जागाच उरली नाही.

फेब्रुवारीत त्यानं खुर्शीदाला खोलीत उभं केलं. तिला समजावलं की आवाज कोणाचा आहे याला अर्थ नाही, एका माणसाचं मन शांत होतंय. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ये गुनाह है, सुनो.” मग ओढणी सारखी करून मायक्रोफोनसमोर उभीही राहिली, कारण वर्षभर त्याला झोपेत दचकताना तीच पाहत होती. पहिल्यांदा तिला आवाज काढायची लाज वाटली. आयुष्यात ती कधी एवढ्या मोठ्यानं ओरडली नव्हती. सहा वेळा तिनं कुकारा दिला, अंड्यांच्या ट्रेंसमोर, बंद दाराआड; आणि प्रत्येक वेळी आवाज संपला की कय्यूम ओठांवर बोट ठेवून तिला गप्प उभं करत होता, शेवटची शांतता नीट यावी म्हणून. सहावा झाल्यावर ती बाहेर गेली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. त्यानं त्यातले दोन निवडले, आवाज जरा जाड केला, नाल्यापलीकडून यावा तसा दूर नेला आणि रातव्याच्या टाक्यांत शिवून टाकला. साफ काम झालं. ऐकताना त्याचेच डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले याची त्याला किळस आली.

कोसमटोल्याला पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते. डोमा दारातच बाजेवर बसला होता. वर्षात तो वाळला होता, पण दाढी करून, धुतलेला सदरा घालून तयार होता. चहा झाला. दुर्गानं कपबशी ठेवताना ‘बरे आहा ना काका’ म्हणून विचारलं आणि आत गेली. तिच्याकडे बघणं कय्यूमनं टाळलं. मग दोघे नेहमीच्या वाटेनं निघाले, पुढे डोमा, मागे कय्यूम. मोहाची पहिली फुलं पडायला लागली होती आणि तो गोड, जरासा आंबट वास वाटेभर होता. तलावावर अडई बदकं शिट्ट्या घालत उतरली, वेडे राघू तारेवर एकमेकांना खेटून बसले. डोमा मध्येच थांबून, मान न वळवता, थो पाहा टकाचोर, थे हळद्याची मादी, असं सांगत होता आणि कय्यूम हं हं करत होता. सात वर्षांतल्या कोणत्याही संध्याकाळसारखी ती संध्याकाळ होती. आता सांगू, या वळणावर सांगू, पाळीवर पोचलो की सांगू, असं करत वळणं संपली. नाही सांगितलं तर काय बिघडलं, हा माणूस शांत झोपेल, असंही मन एकीकडून बजावत होतं. मनाला काय, ते दोन्हीकडून बोलतं.

नाल्याच्या अलीकडे, त्याच जागी ते बसले. पलीकडच्या मोहाखाली यंदा कोणी पाला झाडला नव्हता. उजेड उतरला. डोमा काहीतरी बोलायला वळला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात डावीकडच्या पाल्यातून रातवा बोलला. कय्यूमचा हात वर गेला. त्यानं नेला नाही, तो गेला. तळवा डोमाकडे. आणि डोमा अर्ध्या शब्दात गप्प झाला, सात वर्षांच्या सवयीनं, मान खाली घालून. रातवा बोलत राहिला. आपलाच हात आपल्या डोळ्यांसमोर उभा असलेला कय्यूमनं पाहिला आणि तो खाली आणायलाही त्याला धीर होईना. मग त्यानं तो आणला आणि मांडीखाली दाबून धरला.

“लावा, भाऊ,” डोमा म्हणाला.

त्यानं मोबाइल काढला. अंगठा पहिल्या फाइलीवर गेला, थबकला आणि दुसरीवर पडला. अगदी शेवटच्या क्षणी माणूस धीट होतो असं वाटत असतं. कय्यूम झाला नाही. दगडावर ठेवलेल्या मोबाइलमधून रातवा बोलायला लागला, आणि पाल्यातला खरा रातवा चूप झाला. मिनिटभर गोटी वाटीत उड्या मारत राहिली. मग दुरून, नाल्यापलीकडून यावा तसा, कुकारा आला. डोमानं डोळे मिटून घेतले. दुसरा आला. डोमाचा हात तोंडापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. फाइल संपली. डोमानं पुन्हा लावायला सांगितलं. कय्यूमनं पुन्हा लावली. या खेपेला डोमा डोळे उघडे ठेवून, मान कलती करून ऐकत होता, ओळख न पटणारं पाखरू ऐकताना करतो तशी.

“हे अन्नपूर्णा नोहय,” तो म्हणाला. रागानं नाही. एखाद्या पाखराचं नाव सुधारून द्यावं तसं म्हणाला. “तिले दमा होता ना. कुकारा देयाच्या आधी ती मोठ्यानं दम घे. मी श्वासावरूनच वळखो तिले. याच्यात श्वासच नाई, भाऊ.”

श्वास. कय्यूमच्या डोळ्यांसमोर तो जुना पडदा उभा राहिला, दाते दाते रातवा आणि त्यात दोन डोंगर, आणि आत्ता, वर्षानंतर, त्याला लख्ख दिसलं की प्रत्येक डोंगराच्या अलीकडे एक मोठी पुटकुळी होती. नाल्यापलीकडून इतक्या दूर ऐकू यावा एवढा श्वास. हाताची आग होत असताना छाती भरून घेतलेला. डोंगर कापायच्या आधी त्यानं सवयीनं ती पुटकुळीच पहिल्यांदा खुडली होती. आणि खुर्शीदाचे श्वासही त्यानंच काढले होते, साफ.

मग त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, कापलेलं, पुसलेलं, रईसचं दुकान, तेराव्या दिवशीचं खोटं, काहीच उलटंपालटं न करता. सांगितलं की मोकळं वाटतं असं तो ऐकून होता. त्याला काही मोकळं वाटलं नाही. डोमा हातातली काडी मोडत बसला होता. काडीचे इतके लहान तुकडे झाले की पुढे मोडता येईना, तेव्हा त्यानं ते टाकून दिले. कय्यूम शिवीची वाट पाहत होता, एखादी थप्पड आली असती तरी त्यानं ती घेतली असती.

“मंग हे कोन होय?” डोमानं मोबाइलकडे बघून विचारलं.

“आमच्या घरची. खुर्शीदा.”

“त्याईले कोनं उत्तर देल्लं?”

कय्यूमला प्रश्नच कळला नाही. मग कळला. अंड्यांच्या ट्रेंसमोर ओढणी सारखी करून उभी असलेली खुर्शीदा, सहा वेळा, आणि आपलं ओठांवरचं बोट. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

“असं ठेवू नये,” डोमा म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. नाल्याकडे पाठ करून, ज्या बाजूनं चंद्रपूरचा रस्ता येतो त्या बाजूला तोंड करून त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले, छाती भरून श्वास घेतला आणि कुकारा दिला. लांब, पूर्ण, मागचं वर्षभर घशात ठेवलेला. तलावावरची बदकं उठली. आवाज पाळीवर आदळून पुढे सागात गेला आणि विरला. थोडं थांबून त्यानं दुसरा दिला. मग धोतराचा सोगा सारखा करून परत आपल्या जागी येऊन बसला.

कय्यूमला वाटलं, आता तो नाल्याकडे वळेल. आता खरा देईल. अंधार पाल्यापर्यंत उतरला, पलीकडचा मोह दिसेनासा झाला, आणि तरी डोमा वळला नाही.

“आणि तिचा?” कय्यूमनं विचारलं. “तिला नाही देत?”

“तिचा आला कुठी, भाऊ?” डोमा म्हणाला. “आल्याशिवाय कसा देऊ?”

आणि तो नाल्याकडे कान लावून बसून राहिला. कय्यूमही बसला. थोड्या वेळानं रातवा पुन्हा बोलायला लागला.